किलोभाऊजी आणि दाराएवढं पान

आमच्या गावातल्या निम्म्या मोठ्या माणसांचं वजन एका माणसाला तोंडपाठ आहे आणि तो माणूस माझ्या समोरच्या दारात राहतो. तरी त्यातलं एकही वजन मला ठाऊक नाही. तीस वर्षांच्या शेजारात एवढा अन्याय कुणी कुणावर केला असेल तर मला दाखवा.

अख्खी इमारत त्यांना किलोभाऊजी म्हणते. हे नाव मीच ठेवलं, त्याचं श्रेय मला कुणी देत नाही ती गोष्ट वेगळी. भाऊजी विमानतळावर कामाला आहेत. हल्ली ते पट्ट्यावर येणाऱ्या बॅगांची वजनं बघतात आणि ‘दोन किलो जास्त आहे’ असं प्रवाशाला इतक्या हळू आवाजात सांगतात, की तो प्रवासी स्वतःच ओरडतो, “किती जास्त?” आणि मग सगळ्यांना कळतं. पण सुरुवातीच्या काळात भाऊजी बॅगांबरोबर माणसंही मोजायचे, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते.

विमानतळ आहे तिथे आधी गवत होतं आणि गवतात गुरं. एकदा कुणीतरी फार मोठे साहेब गावात येणार असं ठरलं. रस्ता इतका खराब होता, की तो नीट करण्यापेक्षा धावपट्टी बांधणं लवकर होईल असा कुणीतरी हिशेब मांडला. साहेब आले, जेवले, उडून गेले. रस्ता होता तसाच राहिला आणि धावपट्टी मात्र आमच्या गळ्यात पडली. पुढची चार वर्षं तिच्यावर निम्मं गाव स्कूटर शिकलं. मी पण तिथेच शिकले. वळायचं कसं ते मला आजही नीट जमत नाही, कारण तिथे वळायची वेळच यायची नाही.

मग कुठल्याशा कंपनीने अठरा जणांचं छोटं विमान सुरू केलं, आठवड्यातून तीन दिवस. पत्र्याच्या छपराची शेड उभी राहिली. प्रवासी सुविधा म्हणाल तर दोन बाकं, एक पंखा, पिण्याच्या पाण्याचं पिंप आणि एक संडास. संडासाची किल्ली कुणी नेऊ नये म्हणून तिला लाकडाचा हातभर ठोकळा बांधला होता. तरी एक प्राध्यापक तो ठोकळा काखेत मारून विमानात बसले. किल्ली दोन दिवसांनी पुढच्या विमानाने परत आली. तोवर शेडच्या दारावर खडूने लिहिलं होतं, ‘सुविधा प्रवासाला गेली आहे’. हा भाऊजींच्या आयुष्यातला एकमेव लेखी विनोद. वरच्या साहेबांनी त्याबद्दल त्यांना समज दिली, आणि भाऊजींनी पुन्हा कधी विनोद केला नाही.

वारा कुठून येतो ते वैमानिकाला कळावं म्हणून खांबावर कापडी नळकांडं लावतात. ते फाटलं तेव्हा नवीन येईपर्यंत आमच्या वहिनींनी, म्हणजे भाऊजींच्या बायकोने, घरातल्या नारिंगी पडद्याचं शिवून दिलं. पडद्याची झालर काढायला त्या विसरल्या. नवीन नळकांडं नऊ वर्षांनी आलं. तोवर सगळे वैमानिक झालर बघून विमान उतरवत होते, आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

आता वजनाचं. विमान एवढंसं असल्यामुळे आत किती भार जातोय हे वैमानिकाला नेमकं कळावं लागायचं. म्हणून प्रत्येक प्रवाशाला काट्यावर उभं करायचं, रजिस्टरात वजन लिहायचं, शेजारच्या रकान्यात सामानाचं, आणि खाली बेरीज. वजनकाटा बंद पडलेल्या तेलगिरणीतून आणला होता. मूळचा पोत्यांसाठी केलेला. त्याला ताटाएवढी तबकडी होती आणि तिच्यावरची लाल सुई दहा पावलांवरून दिसायची.

पहिल्या विमानाच्या दिवशी तबकडीचं तोंड रांगेकडे होतं. पहिले चढले ते लाकडाचे व्यापारी. सुई सरसर गेली आणि रांगेतून ‘अरे वा’ असा आवाज आला. व्यापारी खूश होऊन उतरले. दुसरा नंबर मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा. त्यांनी मागे वळून पाहिलं. रांगेत त्यांच्या चार माजी विद्यार्थिनी होत्या, त्याही माना उंच करून. बाई म्हणाल्या, मी बसनेच जाते. तेव्हा पंचविशीतले भाऊजी पुढे झाले, तो बैलासारखा काटा एकट्याने ओढून अर्धा फिरवला, तबकडी भिंतीकडे केली, आणि काटा नि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीत स्वतः आडवे होऊन शिरले. आकडा फक्त ते बघणार, तेच लिहिणार, तोंडाने फक्त सीटचा नंबर सांगणार. पुढची अकरा वर्षं ते त्याच फटीत उभे राहिले. त्यांच्या सगळ्या शर्टांना पाठीवर चुन्याचा पट्टा असायचा.

पण आमचं गाव बिलंदर. जड माणसं पंखांजवळ बसवायची आणि हलकी शेपटीकडे, हे लोकांनी महिन्याभरात ताडलं. झालं. जगात सगळीकडे लोक पुढच्या सीटसाठी भांडतात, आमच्याकडे शेवटच्या सीटसाठी भांडणं. काट्यावर चढण्याआधी लोक पट्टे काढायचे, खिसे रिकामे करायचे. एका वकिलांनी तर घड्याळ आणि दोन दात काढून ठेवले होते. एक बाई आदल्या दिवसापासून उपाशी राहिल्या, शेपटीची सीट पटकावली आणि विमान हलायच्या आत चक्कर येऊन पडल्या. परत आल्यावर मात्र मैत्रिणींना एवढंच सांगितलं, ‘मागेच बसले होते’.

या सगळ्याच्या मधोमध भाऊजींच्या तोंडाला कुलूप. मी काय काय प्रयत्न केले नाहीत? चहा पाजला, वर्तमानपत्र आधी वाचायला दिलं, मग सहज विचारल्यासारखं विचारलं, दातांच्या डॉक्टरांची बायको पंखाजवळ बसली होती का हो? अशा वेळी भाऊजी कप खाली ठेवायचे, खिडकीबाहेर बघायचे आणि म्हणायचे, “वारा कसा आहे आज?” की विषय संपला.

पुढे सत्तर जणांचं मोठं विमान आलं आणि माणसं मोजायची पद्धत बंद झाली. चौदा रजिस्टरं भाऊजींच्या लोखंडी कपाटात गेली, किल्ली त्यांच्या कमरेला. काटा कोपऱ्यात. त्यांचं स्वतःचं वजन मात्र त्यावर कधीच झालं नाही, कारण ते वर चढले तर फटीत कोण शिरणार? आणि विमानात ते आजतागायत बसलेले नाहीत.

तर आता वहिनी. पहिल्या विमानाच्या रांगेत चौथ्या नंबरला वहिनी होत्या, वय वर्षं एकवीस, सोबत वडील. काट्यावरून उतरताना त्यांनी त्या फटीतल्या तरुणाला विचारलं, किती? तो म्हणाला, सांगता येत नाही, नियम आहे. वडिलांना तो मुलगा तिथेच आवडला. त्यांचं पोट गावात प्रसिद्ध होतं, आणि त्यावर एक शब्दही न बोलणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. सहा महिन्यांत लग्न झालं.

लग्नानंतर वहिनींनी पुन्हा विचारलं. आता नियम आहे म्हणून चालणार नव्हतं. भाऊजी म्हणाले, एकोणपन्नास.

हा एकोणपन्नास आमच्या इमारतीचा पाया आहे म्हणा ना. वहिनींच्या बोलण्यात तो मिठासारखा असायचा. नवीन भाडेकरू आला, की आठ दिवसांत त्याला कळायचं की वहिनी लग्नाआधी एकोणपन्नास किलो होत्या, आणि ते घरच्या काट्यावर नाही, विमानतळाच्या काट्यावर. दोन वर्षांपूर्वी मुलाचं लग्न झालं तेव्हापासून सगळा मारा सुनेवर. सून गुणाची पोरगी, प्रयोगशाळेत रक्त तपासते, दिवसभर आकड्यांचे रकाने भरते आणि संध्याकाळी भुकेजून घरी येते. तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, की वहिनी अगदी मायेने म्हणायच्या, “घे गं, घे. मी तुझ्या वयाची होते तेव्हा एकोणपन्नास होते. पण तू घे.” पोरीचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

यंदा विमानतळाची नवी इमारत तयार झाली. नव्या व्यवस्थापक बाई तिशीच्या, भारी उत्साही. उद्घाटनाला ‘आपला विमानतळ : इतिहास आणि प्रवासी सुविधा’ अशी पुस्तिका काढायची असं त्यांनी ठरवलं. सुविधांची यादी त्यांच्याकडे होती, इतिहास कुणाकडेच नव्हता. भाऊजींना लिहायला सांगितलं. भाऊजींनी दीड पान लिहिलं. बाई म्हणाल्या सुंदर आहे, पण जुनं काही दाखवायला आहे का? आणि तीस वर्षं किल्ली सांभाळणाऱ्या या माणसाने, कौतुक झाल्याच्या भरात, कपाट उघडून पहिलं रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं.

बाई पहिलं पान बघून हरखल्या. पहिलं विमान, पहिले प्रवासी, नावं, वजनं, सगळं भाऊजींच्या मोत्यासारख्या अक्षरात. हे पान दाराएवढं मोठं छापून इतिहासाच्या भिंतीवर लावायचं, पुढे तो जुना काटा ठेवायचा, असं त्यांनी जागच्या जागी ठरवलं. भाऊजींनी घरी यातलं चकार शब्दाने सांगितलं नाही.

निमंत्रणपत्रिका आली तेव्हा तिच्यात ती ओळ मी वाचली, ‘पहिल्या उड्डाणाच्या रजिस्टरचे पान भव्य आकारात’. आता असं वाचल्यावर माणूस घरात बसेल का? एका चपलेवर समोरच्या दारात गेले आणि वहिनींना सांगितलं. वहिनींनी कणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा असा उजळला म्हणता! माझा एकोणपन्नास, दाराएवढा. त्यांनी लगेच बहिणींना फोन केले, जावेला केला, आणि चौदा सीटची गाडी ठरवली. सुनेला सुट्टी घ्यायला लावली. पोरगी बिचारी बरं म्हणाली.

संध्याकाळी मी खाली उतरत होते तर भाऊजी जिन्याच्या पायरीवर बसलेले, मांडीवर डब्याची पिशवी. वर जावं की नाही अशा विचारात. मी विचारलं काय झालं. गाडीची गोष्ट त्यांना फोनवर कळली होती.

“ताई,” ते म्हणाले, “ही एकोणपन्नास नव्हती.”

मी पायरीवर टेकलेच. मग किती होत्या, असं अर्थातच विचारलं. त्या अवस्थेतही त्यांनी खिडकीकडे बघितलं. जिन्यात खिडकी नाही, तरी बघितलं.

मग थोडं थोडं बाहेर आलं. पन्नास म्हटलं तर बरं दिसणार नाही म्हणून एकोणपन्नास म्हटलं होतं. एवढं लांब जाईल असं वाटलं नव्हतं. हे पान नको, दुसरं घ्या, असं त्यांनी व्यवस्थापक बाईंना तीनदा विनवून पाहिलं होतं. वजनं कुणाला सांगणार नाही असा लोकांना शब्द दिलाय, हेही सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, पहिलं पान ते पहिलंच, आणि तीस वर्षांपूर्वीच्या वजनाचं आता कुणाला काय पडलंय? मी त्यांना माझ्या परीने मार्ग सुचवला. रजिस्टर तुमचं, अक्षर तुमचं, पेन तुमचं. छापायला जायच्या आत तेवढा एक आकडा खोडा आणि एकोणपन्नास करा.

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना विमानाची खिडकी काढायला सांगितली होती.

“खाली बेरीज आहे, ताई. त्या बेरजेवर विमान उडालंय.”

म्हणजे घर मोडलं तरी चालेल, बेरीज मोडायची नाही. मी म्हटलं मग वहिनींना आजच खरं सांगून टाका. ते म्हणाले, तुम्ही तिला ओळखता ना? मी ओळखते.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी काय झालं ते भाऊजींनी अर्धवट सांगितलं, बाकीचं मी तिथल्या सफाईवालीकडून गोळा केलं. काटा साफ करून, तेल घालून पानापुढे ठेवला होता. भाऊजींनी सवयीने तबकडी भिंतीकडे केली. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, असं नको, लोकांना बघायला मजा यायला हवी, तोंड लोकांकडे करा. भाऊजींनी मुकाट फिरवली. बाई म्हणाल्या चालतो का बघू, आणि टुणकन वर चढल्या. समोर इंजिनिअर होते, कंत्राटदार होते, रंगारी होते, काचा पुसणाऱ्या चौघी होत्या. लाल सुई निघाली ती निघालीच. सफाईवाली म्हणते, एक रंगारी ‘अरे वा’ म्हणाला. भाऊजी छताकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तबकडी पुन्हा भिंतीकडे होती, आणि दाराएवढ्या पानावरच्या वजनांच्या रकान्यात प्रत्येक आकड्यावर एकेक तपकिरी पट्टी चिकटवलेली होती. खाली नवी पाटी, ‘प्रवाशांच्या खासगीपणाचा आदर म्हणून’. भाऊजींनी मला गुपचूप फोन करून हे सांगितलं. तीस वर्षांत त्यांनी मला स्वतःहून केलेला हा पहिला फोन. आवाज असा, की वाटावं यांना आजच पगारवाढ मिळाली.

पण वहिनींना हे कुणी सांगितलं होतं?

आमची गाडी पोचली. नवी इमारत खरंच देखणी आहे. माणूस समोर आला की दारं आपोआप सरकतात, त्यामुळे वहिनींची मोठी बहीण तीनदा आत-बाहेर करून आली. सरकता जिना आहे, तो फक्त वर जातो. बाळांसाठी खोली, फोन चार्ज करायला खांब, गरम आणि गार पाण्याचे वेगवेगळे नळ. संडासात हात पुढे केला की पाणी येतं आणि काढला की थांबतं. किल्लीचा ठोकळा काचेच्या पेटीत ठेवलाय. शेजारी ती झालर! ती भाऊजींनी जपून ठेवली होती हे वहिनींनाही माहीत नव्हतं. त्या क्षणभर थबकल्या. पण वहिनी झालरीसाठी आल्या नव्हत्या.

त्या सरळ पानापुढे जाऊन उभ्या राहिल्या. चौथ्या ओळीत त्यांचं नाव, आणि त्याच्यापुढे तपकिरी पट्टी.

“हे कुणी झाकलं?”

भाऊजी काट्याजवळ उभे होते. त्यांचा चेहरा नव्या भिंतींच्या रंगाचा झाला. व्यवस्थापक बाई लगबगीने आल्या, खासगीपणाचं समजावून सांगितलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, चांगलं केलंत, बाकीच्यांचं झाकलेलंच बरं. माझं उघडा. मीच ती प्रवासी, माझी हरकत नाही.

बाईंना यात काही वावगं दिसेना. बहिणी आणि जाऊ अजून सरकत्या दाराशी खेळत होत्या, म्हणून पानापुढे आम्ही पाचच जण होतो. वहिनी, सून, भाऊजी, व्यवस्थापक बाई आणि मी. मी अर्थातच सगळ्यात पुढे. बाईंनी नखाने पट्टीचं टोक उचललं आणि सोलून काढली.

तो आकडा मी लिहिणार नाही. एकोणपन्नासच्या शेजारीपाजारीही नव्हता, एवढं पुरे.

वहिनी बघत राहिल्या. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. दाराकडून बहिणींचे आवाज जवळ यायला लागले होते.

“हे बॅगेसकट असेल,” वहिनी हळूच म्हणाल्या. कुणालाच उद्देशून नाही.

आता शेजारच्या रकान्यात स्वच्छ लिहिलं होतं, सामान, आणि त्यापुढे बॅगेचं वेगळं वजन. तो रकाना झाकलेला नव्हता. मी तो वाचला. आणि जी पोरगी दिवसभर रकानेच वाचते तिने तो माझ्याआधी वाचला. दोन वर्षांचे सगळे घास तिच्या जिभेवर आले असतील. भाऊजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सुनेने त्यांच्याकडे पाहिलं, तसं त्यांनी ते मिटलं.

“हो, आई,” सून म्हणाली, “बॅगेसकटच आहे.” आणि व्यवस्थापक बाईंच्या हातातली पट्टी घेऊन तिने ती होती तिथे अंगठ्याने दाबून बसवली.

बहिणी येऊन पोचल्या. विचारलं, कुठाय एकोणपन्नास? वहिनी म्हणाल्या, झाकलंय, इथले नियम आहेत. मग त्या वळल्या, काट्यापाशी गेल्या आणि भाऊजींना म्हणाल्या, “चढा.”

भाऊजी म्हणाले, मी कशाला. वहिनी परत म्हणाल्या, चढा. ते चढले. वहिनी स्वतः, नवे कपडे सांभाळत, काटा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत आडव्या होऊन शिरल्या. नव्या भिंतीचा रंग अजून ओला असावा, पाठीला पट्टा लागला. त्यांनी तबकडीकडे निरखून पाहिलं. सुई स्थिर होईपर्यंत थांबल्या. म्हणाल्या, “हं.” आणि बाहेर आल्या.

त्याला आता तीन आठवडे झाले. घरात एकोणपन्नास पुन्हा ऐकू आलेला नाही. सून दुसऱ्यांदा वाढून घेते, तिसऱ्यांदाही घेते, आणि वहिनी तिच्या पानात आणखी एक चमचा घालतात. हे सगळं लिहायला वहिनींनीच मला सांगितलं, आकडा सोडून.

भाऊजींचं मात्र कठीण आहे. तीस वर्षं अख्ख्या गावाला टाळलेला प्रश्न आता ते रोज संध्याकाळी स्वतः विचारतात. दार उघडं असलं की मला ऐकू येतं, आणि दार उघडं असेल याची मी काळजी घेते. किती होतं गं माझं? सांग ना. अंदाजे सांग. निदान पंखाजवळ की शेपटीत, एवढं तरी?

वहिनी कप खाली ठेवतात, खिडकीबाहेर बघतात आणि विचारतात, “वारा कसा आहे आज?”